गाडीची काच खाली जाते, वर येत नाही, आणि वर्कशॉपवाल्यांना फक्त मोटर दिसते

मे महिना, दुपारचे तीन, जळगावचं ऊन. माय शेजारच्या सीटवर. आदल्या दिवशी तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्या दिवशी पट्टी काढून काळा चष्मा दिला होता. धूळ लागू देऊ नका, वारा लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी मला तीन वेळा बजावून सांगितलं होतं. दवाखान्याच्या गेटवर मावशी भेटायला आली, म्हणून मायनं काच खाली केली. दोन मिनिटं बोलणं झालं आणि मी वर करायचं बटन ओढलं.

काही नाही. मोटरचा आवाज नाही, काच हलली नाही. तिच्या दारावरचं बटन ओढून पाहिलं, तेच. माझ्या दारावरचं पुन्हा वीस वेळा ओढलं. दार आपटलं. मावशीच्या मुलानं दोन तळव्यांत काच धरून वर खेचायला पाहिली, पण ती पूर्ण खाली बसलेली, तिला हात कुठून लागणार?

अमळनेरपर्यंत साठेक किलोमीटर. पाळधीपर्यंत हायवेचे ट्रक, पुढे धरणगावचा रस्ता, आणि त्या खिडकीतून भट्टीच्या तोंडातून यावा तसा वारा. मी अर्ध्या वाटेत थांबून टॉवेल दाराच्या फटीत अडकवला, तो दहा मिनिटांत सुटून फडफडायला लागला. माय म्हणाली, "राहू दे भाऊ, मी पदर धरस." आणि सत्तरीची बाई, ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर एका हातानं पदर गच्च धरून घरापर्यंत बसली. हात भरून आला की हात बदलायची. मी स्टिअरिंगवर होतो आणि माझं डोकं फुटायची वेळ आली होती.

कारण त्या काचेची मोटर बरोबर अकरा दिवसांपूर्वी नवीन बसवलेली होती!

हो, नवीन. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, पक्क्या बिलावर. एप्रिलमध्ये पहिल्यांदा असं झालं. काच खाली जायची, वर यायची नाही. कधी चार-पाच वेळा बटन ओढलं की यायची. मी गाडी घेऊन गेलो, हे सगळं शब्दाशब्दानं सांगितलं: खाली जाते, वर येत नाही, दोन्ही बटनांवरून तेच. त्या पोरानं जॉबकार्डावर लिहिलं "काच काम करत नाही". मी म्हटलं, बाबा, खाली जाते ते पण लिही. तो म्हणाला, सर, तेच होतं. तेच कसं होतं? निम्मी गोष्ट त्यानं तिथंच पुसून टाकली, आणि पुढचा सगळा खर्च त्या पुसलेल्या निम्म्यातून निघाला.

आत गाडी नेली, पंधरा मिनिटांत निकाल. "मोटर वीक झालीय सर. खाली यायला जोर लागत नाही, वर जायला लागतो." ऐकायला किती पटतं! कोणालाही पटेल. मलाही पटलं, आणि याचाच आता जास्त संताप येतो. मोटरचे 4,500, मजुरी 900. त्यांच्या अंगणात काच तीन वेळा वर-खाली करून दाखवली. डोअर पॅड, म्हणजे दाराच्या आतलं आवरण, बसवताना दोन क्लिपा तोडल्या, त्यामुळे पॅड आजही खड्ड्यात कडकड वाजतं.

पाचव्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा गेलो. या वेळी स्कॅनर लावला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. अरे, या गाडीच्या काचेच्या वायरिंगमध्ये कॉम्प्युटर नाहीच, सरळ फ्यूज, स्विच आणि मोटर आहे, तर स्कॅनर काय वाचणार? नव्या महाग गाड्यांत दारात मॉड्यूल, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, असतं, बटन नुसता निरोप पाठवतं, तिथं स्कॅनरला अर्थ आहे. इथं नाही. कोड आला नाही, मग म्हणे शेजारच्या दाराचा स्विच गेला. 1,350 आणखी. बसवला, पुन्हा तीन वेळा वर-खाली करून दाखवली. आणि सहाव्या दिवशी माय डोळ्यावर पदर धरून बसली.

एकदाही कोणी मीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर, लावला नाही. एकदाही! मीटर नव्हता असं नाही, भिंतीला टांगलेला मी डोळ्यांनी पाहिला. त्याला हात लावायचा नाही, असं ठरवून बसल्यासारखं वागले.

मी शेतकरी माणूस आहे. केळी आणि कापूस. आमच्याकडे बोअरची मोटर चालत नसेल, तर आम्ही पहिल्यांदा काय करतो? चेनपुली लावून तीनशे फुटांवरून मोटर वर काढतो का? नाही. आधी लाईन तपासतो, फ्यूज पाहतो, स्टार्टर उघडतो. दहातल्या कित्येक वेळा स्टार्टरचे पॉईंट, म्हणजे एकमेकांना टेकून करंट जोडणारे धातूचे तुकडे, जळून काळे झालेले असतात. पॉलिश पेपर मारला की मोटर सुरू. अंगठा उठवणाऱ्या आमच्या सालदारालाही हे कळतं, कारण चुकीचा अंदाज केला तर दिवसभर पाईप ओढावे लागतात. वर्कशॉपमध्ये अंदाज चुकला तर पाईप कोण ओढतं? गिऱ्हाईक ओढतं. म्हणून तिथं अंदाज चालतो.

त्या रात्री मायला घरी झोपवून मी गाडीत बसलो. आतली लाईट चालू केली, इंजिन बंद. काच खाली करायचं बटन दाबलं. काच आधीच खाली होती, तरी मोटरनं जोर लावला आणि लाईट जराशी मंद झाली. मग वर करायचं बटन ओढलं. लाईट ढिम्म. कणभर मंद झाली नाही.

इथं मला खरा राग आला. मोटर कमजोर असती, अडकलेली असती, तर तिनं जास्त करंट ओढला असता आणि लाईट जास्त मंद झाली असती. लाईट हलतच नाही म्हणजे करंट वाहतच नाही. मोटरपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. ही परीक्षा करायला ना मीटर लागतो ना पाना. एक बोट आणि दोन डोळे लागतात. 6,750 रुपये घेणाऱ्यांनी एवढं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. साठीचे नाना, टपरीएवढं दुकान, बाहेर बाजेवर बॅटऱ्या चार्जिंगला. त्यांनी आधी दार उघडून बिजागरीजवळचा रबरी पाईप मागे सरकवला आणि आतल्या तारा एकेक चिमटीत धरून ओढून पाहिल्या. दार हजारदा उघडतं-मिटतं, तिथं तार आतून तुटते आणि वरचं प्लॅस्टिक शाबूत दिसतं. तारा ठीक होत्या. मग डोअर पॅड काढलं आणि मोटरच्या कपलरला, म्हणजे तारा जोडायच्या सॉकेटला, मागून मीटरच्या सुया टोचल्या. मला म्हणाले, वर ओढ.

एका तारेवर 12 व्होल्ट. बरोबर. दुसऱ्या तारेवर सुई नेली. तिथंही 12 व्होल्ट!

मला कळलं नाही, तेव्हा नानांनी सांगितलं. मोटरला दोन तारा. काच वर न्यायची तर एकीला प्लस, दुसरीला बॉडीचा मायनस. खाली आणायची तर उलट. बटन मोकळं असतं तेव्हा दोन्ही तारा मायनसला टेकलेल्या असतात, आणि आपण ओढतो तेव्हा त्यातली एक उचलून प्लसला लागते. आता मुद्दा हा की मायच्या दारावरच्या स्विचला स्वतःचा मायनस नाही. त्याचा मायनस ड्रायव्हरच्या दारावरच्या चार बटनांच्या मेन स्विचमधून फिरून येतो. तिथला एक पॉईंट जळला, की प्लस मोटरमधून जाऊन दुसऱ्या तारेत नुसता उभा राहतो. म्हणून दोन्हीकडे 12. खाली जाताना मायनस दुसऱ्या पॉईंटवरून मिळतो, तो चांगला, म्हणून काच खाली जाते. आणि वर? कुठल्याही बटनावरून वर ओढा, मायनस त्याच जळक्या पॉईंटवरून मागितला जातो. "मोटर मरेल नही शे भो," नाना म्हणाले, "तिना वापस जावाना रस्ता बंद शे."

मग त्यांनी वायरचा वीतभर तुकडा घेतला, एक टोक त्या दुसऱ्या तारेला, एक दाराच्या पत्र्याला लावलं आणि म्हणाले, आता ओढ. (हे करताना खाली करायचं बटन चुकूनही दाबायचं नाही, थेट शॉर्ट होतो.) काच सरसरत वर गेली आणि टक्‌ करून रबरात बसली. माझ्या डोळ्यांसमोर. नव्या मोटरवर, नव्या स्विचवर, आणि जुन्या जळक्या मेन स्विचच्या एका पॉईंटला वळसा घालून!

बॅटरीचं निगेटिव्ह काढून आम्ही मेन स्विच सोडवला. स्टीलच्या ताटात धरून उघडला, कारण आत बारीक स्प्रिंगा आणि गोळ्या असतात, उडाल्या की गेल्या. आत पिवळ्या ग्रीसचा चिखल झालेला, त्यात धूळ आणि कापसाचे तंतू. तांब्याच्या छोट्या पत्त्या, सीसॉसारख्या हलणाऱ्या. सात पॉईंट चकचकीत. आठवा कोळशासारखा काळा, मधे तिळाएवढा खड्डा. नानांनी पॉलिश पेपरचा पट्टा दुमडून पत्तीखालून दोन-चार वेळा ओढला, क्लीनर मारून ब्रशनं पुसलं, बोटाच्या टोकावर जेमतेम ग्रीस लावलं. मीटरवर विसंबले नाहीत. इंडिकेटरच्या 21 वॅटच्या बल्बला दोन तारा लावून त्या मायनसवर तो पेटवून पाहिला. मीटरला केसाएवढा काँटॅक्ट असला तरी पुरतो, बल्बला खरा करंट लागतो. बल्ब लख्ख पेटला. तेव्हा कुठे स्विच बंद केला.

शिवाय काचेच्या कडेचं रबर कडक झालेलं त्यांनी दाखवलं. आमच्याकडे पंचेचाळीस अंशांत गाडी उभी राहते, त्यात धूळ, रबर वाळून काचेला आवळतं. मग मोटर दर वेळी जास्त करंट ओढते आणि तोच पॉईंट जास्त तापतो. खाचेतली धूळ पुसून सिलिकॉन स्प्रे मारला. ऑइल-ग्रीस मारायचं नाही, त्यावर धूळ आणखी चिकटते. काच वरपर्यंत गेल्यावरही बटन ओढून धरायची सवय घरातल्या सगळ्यांना आहे, ती मी त्याच संध्याकाळी मोडायला लावली. आणि कोरोनाच्या काळात ज्यांनी बटनांवर सॅनिटायझर फवारलं त्यांनी एकदा हा स्विच उघडून पाहाच, मीही फवारत होतो.

नानांनी सगळ्याचे किती घेतले? 250 रुपये. मी पाचशे पुढे केले तर परत केले.

मला एक सांगा, हा स्विच असा कोण बनवतं? दाराच्या हातटेकणीवर, तोंड आकाशाकडे करून, वर कुठं झाकण नाही. काच उघडी राहिली की पाऊस थेट त्यात, चहा सांडला की त्यात, हायवेच्या कामाची बारमाही धूळ त्यात. काकांच्या जुन्या मारुती 800 ला काचेचं हँडल होतं. ते कधी तुटलं तर पक्कडीनं फिरवून काच वर यायची. इथं पॉवर विंडोला हातानं वर करायची काहीही सोय नाही. सगळा जीव एका तिळाएवढ्या पॉईंटवर टांगलेला, आणि तो दुरुस्त करायला कोणी तयार नाही. "आम्ही स्विच उघडत नाही सर, असेंब्ली बदलतो." का उघडत नाही? चार क्लिपा आहेत!

मायचा डोळा लाल झाला होता. आठ दिवस थेंब वाढवावे लागले. डॉक्टर रागावले ते माझ्यावर, आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांना काय सांगू, की गाडीच्या काचेत मायनस नव्हता?

सोमवारी मी बिलं घेऊन वर्कशॉपला गेलो. आधी आरडाओरडा केला नाही. मॅनेजरला म्हटलं, माझी जुनी मोटर द्या. ती चांगली होती, हे मी तुमच्यासमोर बॅटरीवर लावून दाखवतो. आतून बाहेर, बाहेरून आत, अर्धा तास गेला. मग उत्तर आलं की जुने पार्ट स्क्रॅपमध्ये गेले.

बिलावर छापलेलं आहे, जुना पार्ट ग्राहकानं मागितल्यास परत मिळेल. मी ती ओळ त्याच्यासमोर बोट ठेवून मोठ्यानं वाचली. काऊंटरवर उभी बाकीची माणसं वळून बघायला लागली. एक जण पुढे आला, म्हणाला, भाऊ, माझी पण मागची काच खाली जाते, वर येत नाही, आत्ताच मोटर सांगितलीय यांनी. मी त्याला हाताला धरून तिथून बाहेर काढलं, त्याच्या गाडीत बसलो, दार ओढून घेतलं आणि म्हटलं, आधी आतली लाईट लावा.