भिंतीवरचा धुरा

वारली चित्रकला एकदम सोपी, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवा की माणूस तयार, असं व्हिडिओतला पोरगा हसत हसत सांगतो, पण त्याच्या मागे पारावरची मंडळी बिड्या ओढत उभी नसतात ना. आमच्याकडे रस्त्यावरच्या भिंतीसमोर कोणी काडी हातात घेऊन उभा राहिला की पाराची बैठक खुर्च्यांसकट तिथे शिफ्ट होते.

मला आपलं शिवार काढायचं होतं, बस. भिंत शेण-गेरूनं सारवली, तांदूळ भिजवून वाटले, त्यात डिंक घातला. ब्रश म्हणजे बांबूची काडी, तिचं टोक चावून चावून कुंचल्यासारखं करायचं. मी ओट्यावर बसून काडी चावतोय तर जाणारा-येणारा प्रत्येक जण विचारतो, "काऊन गा, पेस्ट संपली काय?"

घरातही काही वेगळं नव्हतं. वारल्यांमध्ये लग्नाच्या वेळी भिंतीवरचा चौक सवाष्णीच काढायच्या, मधे पालघट देवी, पुरुषांचा तिथे काही संबंध नाही, पण डहाणूकडच्या जिव्या सोमा मशेंनी पुरुष असून, लग्नकार्य नसतानाही रोज चित्रं काढली आणि २०११ साली पद्मश्री मिळवली, हे सगळं मी बायकोला जीव तोडून सांगितलं. ती म्हणे, "मंग तुमाले भेटली का सांगजा, तवरोक राशनचा तांदूळ राहू द्या."

खरी पंचाईत कापसाची. तिकडच्या चित्रांत डोंगर, ताड, भाताची लावणी, ते सगळं शोभून दिसतं. आमच्याकडे सपाट काळी जमीन, कापसाची पऱ्हाटी आणि मधेमधे तुरीचे तास. आता फुटलेला कापूस पांढऱ्या ठिपक्यांशिवाय कसा दाखवायचा? दाखवला. एक म्हातारेबाबा बराच वेळ डोळे बारीक करून बघत होते, मग कपाळावर हात मारून म्हणाले, "लेका, गारा पडल्या ना गा! असं अशुभ कायले काढतं भितीवर?" मी म्हटलं कापूस आहे बाबा. ते म्हणे, कापूस असता तं भाव विचारला नसता का कोणी. यावर काय बोलणार.

नाचणाऱ्यांचा गोल काढला, मधे तारपा वाजवणारा, तर पोट्टे म्हणतात काका डीजे कुठी हाय.

हे सगळं चाललं असतं. पण वारलीत जवळचं मोठं आणि लांबचं लहान अशी काही भानगडच नसते, माणसं-बैलं बाजूनं दिसतात आणि शेत मात्र वरून बघितल्यासारखं पसरलेलं. म्हणजे अर्धं चित्र आणि अर्धा नकाशा. आणि गावात नकाशा काढणं म्हणजे काय हे ज्याचा धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, वाद झालाय त्यालाच विचारा. शेजारचे नानाजी सकाळी आले, चित्रापुढे उभे राहिले, काडीनं मापलं आणि म्हणाले, "माहं वावर तुह्या वावरापेक्षा लहान काऊन?"

मी म्हटलं नानाजी, ही कला आहे.

"कला राहू दे. तू धुरा हातभर इकडे सरकवला."

दुपारी ते सातबाऱ्याची झेरॉक्स घेऊन आले. सोबत साक्षीदार म्हणून आणखी दोघं, त्यातल्या एकाचं म्हणणं की त्याची विहीर चित्रात आलीच नाही, दुसऱ्याला पांदण दाखवायची होती कारण ती कोणीतरी अडवून ठेवली आहे. मोजणीला लोकांना तारीख मिळत नाही आणि इथे माझ्या भिंतीसमोर फुकटात मोजणी सुरू. शेवटी मी गेरू लावून जुना धुरा पुसला आणि हातभर तिकडे नवीन काढला, नानाजींनी चष्मा लावून पास केला, वरून त्यांच्या वावरात एक बैलजोडी फुकट मागून घेतली. घरी तर त्यांच्या ट्रॅक्टर आहे!

दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर माझ्या वावरातला कापूस सफाचट. नानाजींची बकरी भिंतीला तोंड लावून उभी, तांदूळ आणि डिंक दोन्ही तिला आवडलेले दिसत होते. चाटताना तिनं नवा धुरा बरोबर सांभाळला होता, मालकाच्या बाजूचं एक बोंडसुद्धा गेलं नव्हतं.

मी नानाजींना हाक मारली, म्हटलं या, आता पंचनामा करू, नुकसान भरपाई द्या. त्यांनी बकरीकडे बघितलं, चित्राकडे बघितलं.

"तुह्या वावराले कुपाटी कुठी हाय?"

आता वावराभोवती कुंपण, म्हणजे कुपाटी, काढतोय. तांदूळ संपलेत, चुना वापरतोय.