‘सेड कशाला, एडिटर आहे ना’ या कमेंटला उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की शेकडो फाइल्समध्ये एखादा शब्द बदलायचा तर व्हीएस कोडसारख्या एडिटरमध्ये बटण आहे, मग सेडसारखं, कमांड टाइप करून फाइल्समधला मजकूर बदलायचं जुनाट टूल नवीन पोरांना शिकवायचं कशाला, आणि एक कमांड चुकली की सगळ्या फाइल्स खराब. यातलं दुसरं मला पूर्ण मान्य आहे. माझ्या सेडवरच्या लेखात मायनस आय लावलेली कमांड, म्हणजे थेट फाइलमध्येच बदल करणारी, सगळ्यात वर होती आणि आधी काय तपासायचं ते पार खाली, आणि लोक वरचं कॉपी करतात नि निघतात. ते माझं चुकलंच, काल रात्री लेखाचा क्रम बदललाय.

पण पहिलं पटत नाही. सेड १९७४ च्या आसपासचं, बेल लॅब्समध्ये ली मॅकमहननी लिहिलेलं, म्हणजे जुनं आहेच, पण तुमच्या व्हीएस कोडच्या सर्चखालीपण रिपग्रेप नावाचं कमांडलाइनचंच टूल चालतं. खरा प्रश्न बदलायच्या आधी आपण काय बघतो हा आहे.

माझ्याकडे इथल्याच, नाशिकजवळच्या ओझरच्या, एका ट्रान्सपोर्टवाल्यांची साइट होती, साधी एचटीएमएल पानं, साडेतीनशेच्या आसपास. त्यांना जुन्नरकडचे फोन यायचे, अष्टविनायकातलं ओझर समजून, म्हणून ते म्हणाले ताई सगळीकडे ‘ओझर’चं ‘ओझर मिग’ करून टाका, मिग विमानांच्या कारखान्यामुळे आपल्याकडे तसंच म्हणतात. केलं, एका ओळीत झालं. दोन दिवसांनी दिंडोरीच्या एका द्राक्षवाल्या काकांनी फोन करून विचारलं, हे ‘ओझर मिगखेड’ कुठलं गाव? ते ओझरखेड होतं, वणीकडे जाताना धरण लागतं ते! आणि तीच स्क्रिप्ट चुकून परत चालली असती तर सगळीकडे ‘ओझर मिग मिग’ झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल पूर्ण शब्द जुळवायचा ऑप्शन लावायचा ना. मराठीत गाडी तिथेच अडते, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, ओझरला, ओझरहून, ओझरच्या, आणि पूर्ण शब्दाची अट घातली की ओझरखेड वाचतं पण ही सगळी सुटतात. एडिटरमध्ये प्रीव्ह्यू दिसतो हे खरंय, पण आठशे ओळींचा प्रीव्ह्यू शेवटपर्यंत कोण वाचतं, पन्नासेक ओळींनंतर नजर नुसती घसरत जाते.

म्हणून मी आता आधी ग्रेप या शोधायच्या कमांडला मायनस आर (फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्स), मायनस ओ (फक्त जुळलेला भाग) आणि मायनस एच (फाइलचं नाव नको) देते, पॅटर्न असा की ‘ओझर’ आणि त्यापुढे स्पेस येईपर्यंत जे काही असेल ते, आणि ते सॉर्टमधून (ओळी क्रमाने लावणारं) युनिक मायनस सी कडे (सारख्या ओळी मोजणारं) सोडते. आठशे ओळींच्या जागी दहा-बारा रूपं समोर येतात, प्रत्येक किती वेळा आलंय त्या आकड्यासकट, आणि त्यात ओझरखेड लगेच डोळ्यात भरतं. मग ओझरखेड आणि आधीपासून असलेलं ‘ओझर मिग’, दोन्हींच्या जागी तात्पुरती खूण ठेवायची, फाइल्समध्ये कुठेच नसेल अशी, मग मुख्य बदल, मग खुणा परत मूळ शब्दात. अशी स्क्रिप्ट दहा वेळा चालवली तरी काही बिघडत नाही. हे बटणाने कसं करणार?

दुसरं एक, जे माझ्या लेखात नव्हतंच. ‘शेतकऱ्यांना’ शोधलं आणि निम्म्याच फाइल्स आल्या असं झालंय का तुमचं? तो ऱ कधी एकच युनिकोड अक्षर म्हणून टाइप झालेला असतो, कधी र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असा जोडून, काही जुन्या फाइल्समध्ये तर अजून तिसऱ्या पद्धतीने, आणि स्क्रीनवर सगळं सारखंच दिसतं. एडिटरलाही ते सापडत नाही. सगळ्या फाइल्स आधी एकाच रूपात आणाव्या लागतात, त्याशिवाय शोधण्यात अर्थ नाही.

बाकी तुमची भीती रास्त आहे म्हणून एवढं सांगते, सेड सगळ्या फोल्डरवर कधीच सोडू नका, गिटचं, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूलचं, लपलेलं फोल्डर त्यात सापडलं तर रिपॉझिटरीच, म्हणजे तो सगळा साठाच, खराब होते. आणि शब्द सापडला नाही तरी मायनस आय फाइल नव्याने लिहितं, तारीख बदलते, मग फाइल्स दुसरीकडे कॉपी करणाऱ्या आरसिंकला सगळ्याच फाइल्स बदलल्यासारख्या वाटतात. ग्रेप मायनस एल ने यादी काढायची, फक्त तेवढ्याच फाइल्स सेडला द्यायच्या, आधी मायनस आय न लावता डिफ, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक, बघायचा. मॅकवर मायनस आयच्या पुढे बॅकअपचं एक्स्टेन्शन, निदान रिकामं तरी, द्यावंच लागतं, खरं एक्स्टेन्शन देऊन बॅकअप ठेवायची सवय लिनक्सवरपण ठेवलेली बरी.

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे दोनशे फाइल्सचं काम पडलंय. आधी फक्त ती रूपांची यादी काढा, काही बदलू नका, आणि काय काय निघालं ते इथेच टाका, मी बघते.