नारकोंडमचे धनेश : एका आक्षेपाला उत्तर

नारकोंडमच्या धनेशांवरच्या माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. अंदमानमधल्या नारकोंडम या जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या बेटावर हजारभर धनेश (मोठ्या चोचीचे हॉर्नबिल पक्षी) सुखाने नांदत असतील, तर ते धोक्यात आहेत हे म्हणणे निव्वळ भावनिक आहे, असा आपला मुख्य आक्षेप आहे. शिवाय ‘नारकोंडमवर वटवाघळांखेरीज मूळचा सस्तन प्राणी नाही’ हे माझे विधान आपण खोडून काढले आहे. ही चूक आधी मान्य करतो. २०२१ मध्ये या बेटावरील चिचुंद्रीच्या एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि माझ्या लेखात ती राहून गेली.

मुख्य आक्षेप मात्र मला पटत नाही. हजाराचा आकडा बरोबर आहे. दर चौरस किलोमीटरला सुमारे दीडशे, इतकी दाटी धनेशांमध्ये क्वचितच आढळते. परंतु हे हजार पक्षी म्हणजे नारकोंडम धनेश या स्वतंत्र जातीचा जगातला सगळा साठा. अंदमानच्या इतर कोणत्याही बेटावर धनेश नाहीत. कोकणातल्या एखाद्या देवराईतले ढोलीचे झाड पडले, तर त्या गावाचे नुकसान होते, पण महाधनेश सह्याद्रीपासून सुमात्रापर्यंत उरतोच. नारकोंडमच्या धनेशाला असे दुसरे घर नाही.

ही दाटी कशामुळे टिकली, हेही पाहावे. समुद्रातून ७१० मीटर उंच उठलेला हा सुप्त ज्वालामुखी दाट जंगलाने झाकलेला आहे. तेथे वड-उंबराच्या कुळातली झाडे विपुल आहेत, आणि फळांवर हक्क सांगणारी माकडे किंवा खारी नाहीत. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर एका फटीतून तिला व पिल्लांना भरवतो. तो मारला गेला, तर सारे कुटुंबच संकटात येते. १९६९ मध्ये येथे पोलीस चौकी झाली आणि पुढे खाण्यासाठी शेळ्या आणल्या गेल्या. त्या शेकड्यांनी वाढल्या आणि रोपे खाऊन जंगलाची नवी पिढीच उगवू देईनात. (शेळीला दोष देण्यात अर्थ नाही, तिने शेळीचेच काम केले.) पुढे त्या हटवाव्या लागल्या. म्हणजे आज मोजलेले हजार पक्षी हे निर्धास्त राहण्याचे कारण नसून, वेळीच केलेल्या दुरुस्तीनंतर दिसणारे चित्र आहे.

नारकोंडमवर तटरक्षक दलाचे रडार उभारण्याला विरोध म्हणजे देशाच्या सुरक्षेला विरोध, असे आपण सुचवले आहे. हा प्रस्ताव २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने नाकारला आणि २०१४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. माझा आक्षेप रडारला नव्हता आणि आजही नाही. रस्ता, इंधन, कामगारांची वस्ती आणि त्यांच्या सामानातून येणारे उंदीर यांचा हिशेब त्याच कागदावर मांडावा, एवढेच मी लिहिले होते.