आईला पीसीओएस म्हणजे मुलीला होणारच? नाही हो

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉरवर्ड फिरतोय की पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा बायकांचा त्रास) एका जीनमुळे होतो, आईला असला तर मुलीला होणारच, म्हणून लग्नाआधी जीन टेस्ट करा. मावशीने वाचून लगेच मला फोन केला, पोरीची पाळी दोन महिने पुढे गेली, आता हिचं कसं व्हायचं म्हणे. काहून घाबरवता बाप्पा लोकांना!

घराण्याचा संबंध आहे, ते खरंच. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या 2006 च्या अभ्यासात वारशाचा वाटा 70 टक्क्यांच्या आसपास निघाला, पण याचा अर्थ मुलीला 70 टक्के चान्स असा नाही, बायका-बायकांमध्ये जो फरक दिसतो त्यातला किती वारशामुळे एवढंच तो आकडा सांगतो, आणि इथेच सगळे गडबडतात. एकच जीन तर नाहीच. 2011 मध्ये चीनमधल्या संशोधकांना थाडा नावाच्या जीनजवळ आणि एलएच हार्मोनच्या (अंडाशयातून बीज बाहेर पडायला लावणारा हार्मोन) रिसेप्टरच्या, म्हणजे तो हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाच्या, जीनजवळ पीसीओएसशी संबंध असलेल्या काही जागा सापडल्या, 2018 च्या मोठ्या अभ्यासात अशा 14 जागा निघाल्या, प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. शिवाय तिथले बदल बापाकडूनही येतात, मग आईच्याच माथी कशाला मारता?

निदान जीन टेस्टने होतच नाही. मोठ्या बायकांमध्ये अनियमित पाळी, वाढलेलं अँड्रोजन, म्हणजे पुरुषी हार्मोन (हनुवटीवरचे जाड केस वगैरे) आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या अंडाशयातल्या भरपूर बारीक बीजपिशव्या (फॉलिकल), या तिनातल्या दोन गोष्टी बघतात, तेही थायरॉईड, प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध आणणारा हार्मोन) वगैरे तपासून झाल्यावर. मावशीच्या पोरीचा थायरॉईडच वाढलेला निघाला.