फोन हँग आहे हो!

गेल्या मंगळवारी भाजीवाल्या मावशींसमोर मी गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत उभा होतो. बिल 55 रुपये. मेथीच्या दोन जुड्या आणि पाव किलो भेंडी. सहा आकडी पिनातले पहिले तीन आकडे फोनने घेतले. चौथा दाबला तर आला नाही, पुन्हा दाबला तर दोनदा आला. पुसायला गेलो तर पाचही पुसले. मागच्या बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा उसासा टाकला. शेवटी मावशीच म्हणाल्या, "राहू द्या काका, उद्या द्या." बँकेत पैसे असताना मी मेथीची उधारी करून घरी आलो.

फोन चार वर्षांचा. कॅमेरा उघडेपर्यंत समोरचा मोर उडून जातो, लेक फोटोसाठी हसली तर फोटोत तिचं हसून संपलेलं असतं. पण त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलची जाहिरात याच फोनवर अशी लख्ख उमटते की बघत राहावं. तिथे चकती नाही, थांबणं नाही. मला पहिला संशय तिथेच आला.

वरच्या मजल्यावरच्या अण्णांना मात्र संशय नव्हता, खात्री होती. "तिकडे बटण घेऊन बसलेत रे! नवं मॉडेल आलं की जुन्याचा कान पिळायचा." अण्णा वीज मंडळातून रिटायर झालेले, त्यामुळे पुरावा निघाला तो बल्बचा. 1924 साली बल्ब करणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनिव्हात एकत्र येऊन फीबस नावाचा संघ काढला. बल्ब हजार तासच चालला पाहिजे असं ठरवलं, आणि ज्याचा जास्त टिकेल त्याला दंड! गोष्ट खरी आहे. अण्णा ती दर दिवाळीला आकाशकंदिलाचा बल्ब बदलताना सांगतात.

मग मी माहिती शोधायला बसलो, अर्थात त्याच फोनवर. आरोपीकडूनच पुरावा मागवल्यासारखं झालं, आणि आरोपीने यथेच्छ वेळ घेतला.

पण मिळालं ते घसघशीत होतं. डिसेंबर 2017 मध्ये फोनचा वेग मोजणाऱ्या गीकबेंचवाल्यांनी आकडे मांडले, आणि दोनच दिवसांत ॲपलने कबूल केलं की होय, जुनी बॅटरी असलेले काही आयफोन आम्ही अपडेटमधून हळू केलेत. मी दोन-दोन पायऱ्या गाळत अण्णांकडे गेलो. अण्णांनी टीव्ही बंद केला. हा मान यापूर्वी फक्त लाइट गेल्यावर मिळालेला.

पुढचं वाचत गेलो तसा अण्णांचा चेहरा उतरत गेला. कंपनीचं म्हणणं असं की बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली येतं आणि फोन चालता चालता बंद पडतो. तो बंद पडू नये म्हणून प्रोसेसरला लगाम. आता चाळीस वर्षं खांबावर काढलेला माणूस याला नाही कसं म्हणणार? जुन्या वायरिंगवर गिझर आणि मिक्सर एकदम लावला की दिवे मंदावतात, हे त्यांनीच आयुष्यभर लोकांना समजावलेलं. एवढं थोरलं जागतिक कारस्थान, आणि आत निघाला व्होल्टेज ड्रॉप!

पाचएक मिनिटं अण्णा गप्प होते. मग म्हणाले, "बरं, पण मग सांगितलं का नाही?"

आणि गंमत बघा, 2020 साली फ्रान्सने नेमकं हेच विचारून ॲपलला अडीच कोटी युरोचा दंड केला होता. फोन हळू केला यापेक्षा, हळू होईल हे लोकांना सांगितलं नाही, हा गुन्हा. ज्याचं काम नव्या बॅटरीत भागलं असतं तो बिचारा नवा फोन घेऊन मोकळा झाला. गवगवा झाल्यावर कंपनीने माफी मागून बॅटरी बदलायचा दर 79 डॉलरवरून 29 वर आणला. म्हणजे दुखणं 29 डॉलरचं आणि लोकांनी माणूसच बदलला. इटलीने तर 2018 मध्ये ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला 50 लाख युरोचा दंड एकाच वेळी लावला. आमच्या घरात या दोन पंथांवरून जेवणं अर्धी राहतात, तिथे इटलीने सर्वधर्मसमभाव दाखवला. माझा फोन तिसऱ्याच कंपनीचा. त्याच्यावर अजून कुणी खटला भरलेला नाही, म्हणून मीच निघालो.

सर्व्हिस सेंटरमध्ये टोकन 47. काचेपलीकडच्या मुलाने फोन हातात न घेताच "मॉडेल जुनं झालंय सर, एक्सचेंज ऑफर बघता का?" म्हणून विचारलं. डॉक्टरने नाडी बघायच्या आधी स्मशानाचा पत्ता द्यावा, तसं. मी उठलो.

स्टेशनजवळ जिन्याखाली एक रिपेरिंगवाला पोरगा बसतो. त्याने फोन आडवा धरून कडेची फट दाखवली. मला वाटत होतं पावसाळ्यात आमचं न्हाणीघराचं दार फुगतं, तसं काहीतरी असेल. "बॅटरी फुगलीय काका. स्क्रीन उचलायला लागलीय. खिशात घेऊन फिरताय?" मग त्याने स्टोरेज उघडलं. 128 जीबीपैकी 126 भरलेलं. "जागा अशी गच्च भरली की फोन अजून रडतो. ह्यात 12 जीबी तर नुसतं सुप्रभात आहे." गुलाबाची फुलं, चहाचे कप, उगवते सूर्य, आमच्या मेव्हण्यांनी चार वर्षं रोज पहाटे पाठवलेले. बटण घेऊन बसलेला माणूस सापडला तो घरातलाच निघाला.

प्लॅस्टिकच्या पातळ चकतीने त्याने झाकण सोडवलं, खोबऱ्याच्या वाटीसारखी पोट काढलेली बॅटरी हळूच बाहेर घेतली, नवी बसवली. सूर्य सगळे पुसले. 1,400 रुपये. तिथेच यूपीआयने दिले. चकती फिरलीसुद्धा नाही.

मावशींचे 55 रुपये मिटले, कॅमेऱ्यात मोर आला. रविवारी दुपारी मेव्हण्यांचा व्हिडिओ कॉल आला. चार वर्षं मी अशा वेळी "फोन हँग आहे हो!" म्हणून सोफ्यावर आडवा होत आलोय. सवयीने आवाज बंद करायला बोट नेलं, नुसतं टेकलं, आणि कॉल लागला. त्यांनी नव्या बंगल्याच्या टाइल्स दाखवल्या. दिवाणखाना, तिन्ही बेडरूम, चारही बाथरूम. पन्नास मिनिटांत एकदाही चित्र अडकलं नाही.