वॉर्नरच्या आधी प्लेस्टेशन
ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या अधिक सुस्पष्ट चित्र देणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी डिस्क-प्रकारांवरील लेख वाचला. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली आणि एचडी डीव्हीडीचा निकाल लागला, हे त्यातील विवेचन मला अपुरे वाटते. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेम खेळण्याच्या यंत्रामध्ये ब्लू-रे ड्राइव्ह अंगचाच होता, त्यामुळे केवळ गेमसाठी तो घेणाऱ्याच्या घरीही ब्लू-रे प्लेअर आपसूक पोहोचला. उलट मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेमयंत्राच्या ग्राहकाला अमेरिकेत १९९ डॉलर वेगळे मोजून एचडी डीव्हीडी ड्राइव्ह यूएसबीने जोडावा लागे, आणि त्यावर चित्रपट तेवढे चालत, गेम नव्हेत. (५९९ डॉलरचा प्लेस्टेशनही काही स्वस्त नव्हता म्हणा!) फेब्रुवारी २००८ मध्ये एचडी डीव्हीडीची मुख्य पुरस्कर्ती कंपनी तोशिबाने माघार घेतली खरी, पण साध्या डीव्हीडीवर समाधानी असलेला मोठा ग्राहकवर्ग त्यानंतरही ब्लू-रेकडे लगेच वळला नाही.