‘गुड सिग्नेचर’ दिसले म्हणजे नेमके काय सिद्ध झाले?

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: जीपीजी या डिजिटल सही आणि कूटबद्धीकरणाच्या मोफत सॉफ्टवेअरने सही केली की फाईल इतर कोणाला वाचता येत नाही, पडताळणीत ‘गुड सिग्नेचर’ दिसले की फाईल निर्धोक समजावी, आणि ही सही कायद्यानेही डीएससीच्या (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल सहीचे अधिकृत प्रमाणपत्र) तोडीची असल्याने डीएससी साठवायच्या यूएसबी टोकनवर पैसे घालवू नयेत.

पहिले विधान सरळसरळ चूक आहे. सही करणे आणि फाईल कूटबद्ध करणे, म्हणजे इतरांना वाचता येणार नाही अशी करणे, या स्वतंत्र क्रिया आहेत. ‘डिटॅच-साइन’ हा पर्याय वापरल्यास मूळ फाईल जशीच्या तशी उघडी राहते आणि शेजारी सहीची छोटी फाईल तयार होते, इतकेच.

दुसरे विधान अर्धसत्य आहे, म्हणूनच अधिक घातक. सही झाल्यानंतर फाईल बदललेली नाही आणि ती सही अमुक किल्लीने (सही करण्याच्या डिजिटल साधनाने) केलेली आहे, एवढेच ‘गुड सिग्नेचर’ सांगते. ती किल्ली खरोखर कोणाची, हे जीपीजीला ठाऊक नसते. घोडबंदर रोडवरील एखाद्या सोसायटीच्या सचिवांचे नाव आणि ईमेल टाकून कोणीही मिनिटभरात किल्ली बनवू शकतो, तिने मेंटेनन्सवाढीच्या नोटिशीवर सही करू शकतो, आणि त्या किल्लीचा इतरांना द्यायचा सार्वजनिक भाग आपल्या संगणकात घेतलेल्या सभासदाला सचिवांच्याच नावाने ‘गुड सिग्नेचर’ दिसते. किल्ली विश्वासू सहीने प्रमाणित नसल्याचा इशारा जीपीजी त्याखालीच देते. संदेशासोबतच्या स्क्रीनशॉटमधून नेमक्या त्याच ओळी कापल्या आहेत! त्याखालचा ४० अक्षरी फिंगरप्रिंट (किल्लीची ओळखखूण) मात्र प्रत्यक्ष भेटीत किंवा ओळखीच्या क्रमांकावर फोन करून ताडावा लागतो, आणि तोही पूर्ण, कारण शेवटची ८ अक्षरे जुळणाऱ्या बनावट किल्ल्या २०१६ मध्ये कीसर्व्हरवर (किल्ल्या सर्वांसाठी खुल्या ठेवणाऱ्या सर्व्हरवर) सापडल्या होत्या. त्यांत लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्या नावाचीही एक होती. फिंगरप्रिंट जुळला तरी आतला मजकूर निर्धोक ठरत नाही. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या एक्सझेड प्रकरणात या फाईल आकसणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट (बॅकडोअर) होती, आणि त्यांवरची सही अधिकृत देखभालकर्त्याचीच होती.

राहिला कायदा. जीपीजीच्या गणितात काही उणे नाही. पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार डीएससी देण्याचा अधिकार या कायद्याखालच्या नियंत्रकाने परवाना दिलेल्या प्रमाणन संस्थांनाच आहे, आणि या संस्था अर्जदाराची ओळख तपासूनच ती देतात. त्यामुळे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर फॉर्म भरणाऱ्या वागळे इस्टेटमधील संचालकाला डीएससीच जोडावी लागते, आणि १ जानेवारी २०२१ पासून क्लास २ या प्रकारची डीएससी देणे बंद झाल्याने नवी घेताना ती क्लास ३ चीच घ्यावी लागते.